सत्यवतीचं डावं बोट

विषय : माझी पत्नी सौ. सत्यवती हिला, कोणतीही शस्त्रक्रिया करावयाची नसताना, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची मात्रा पुन्हा एकदा देण्याबाबत.

संदर्भ : माझा अर्ज, त्यावरील स्मरणपत्रे आणि डॉक्टरांशी समक्ष झालेले बोलणे.

१

वरील विषयाचा अर्ज आमच्या मालवणच्या रुग्णालयात रीतसर दाखल आहे. त्याच रुग्णालयात मी आयुष्यभर कारकुनी केली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे अर्ज या घटकेला कुठल्या टेबलावर, कुठल्या पेपरवेटखाली असेल ते मी घरबसल्या सांगू शकतो. अर्ज एका पानात बसवावा हा दंडक तिथे मीच घालून दिला होता. माझी बायको एका पानात बसत नाही. म्हणून उरलेलं इथे लिहितो.

आमच्याकडे बुधवार हा ऑपरेशनचा दिवस. कोल्हापूरहून सर्जन यायचे, अंगणात नातेवाईक जमायचे, आणि सगळं कसं ऐकू यायचं. जुन्या काळी क्लोरोफॉर्म किंवा ईथर हुंगवत. रोगी आत बडबडे, शिव्या देई, कण्हे. बाहेरच्यांना त्याचा मोठा आधार वाटे. "कण्हता मा? मगे आसा तो," असं म्हणून लोक विडी पेटवत.

अठ्ठावन्न साली डॉ. हरिश्चंद्र नाबर भूल द्यायला आले आणि ते आवाज बंद झाले. नाबर मूळचे आचऱ्याचे, शिकलेले मुंबईत, आणि मुंबईत शिकलो हे विसरू न देणारे. त्यांनी नवं औषध आणलं. त्यानंतर ऑपरेशनच्या खोलीतून एकच आवाज येऊ लागला. बाबली नावाचा आमचा वॉर्डातला जुना नोकर हवेची काळी रबरी पिशवी हाताने दाबायचा, त्याचा. फुस्. मग थोडं थांबून पुन्हा फुस्. माणूस श्वास घेत नव्हता, बाबली त्याच्या वतीने घेत होता.

२

मला शास्त्रातलं वाचायची खोड आहे. एकदा चहाच्या वेळी मी नाबरांना विचारलं, हे औषध नेमकं करतं काय?

"दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात शिकारी बाणाच्या टोकाला एक विष लावतात," ते म्हणाले. "जनावर जिवंत असतं, पण गळून पडतं. त्याच जातीचं हे, माणसानं बनवलेलं. मेंदूचा हुकूम शिरेतून निघतो. शिरेच्या टोकाला एक रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की स्नायू आवळतो. आमचं औषध आधीच जाऊन ती जागा अडवतं. स्वतः काहीच करत नाही. नुसतं बसतं."

"म्हणजे सरकारी नोकर," मी म्हणालो.

ते हसले. मग मी माझ्या भाषेत ते मांडून पाहिलं. वरून टपाल येतं आहे, पण टपाल घेणाऱ्याच्या खुर्चीवर भलताच इसम येऊन बसला आहे. तो टपाल घेत नाही आणि उठतही नाही.

"अगदी बरोबर."

"मग त्याला उठवता कसं?"

"उठवत नाही. उताऱ्याचं इंजेक्शन देतो. एरवी ते रसायन काम झालं की लगेच विरून जातं. उताऱ्याने ते विरत नाही, साचत जातं. टपालाचा ढीग इतका वाढतो की त्या रेटारेटीत तो इसम खुर्चीवरून ढकलला जातो."

"आणि खऱ्या मालकाची शुद्ध?"

"शुद्धीशी या औषधाचा संबंध नाही. वेदनेशीही नाही. झोपवायचं काम दुसऱ्या औषधाचं."

"ते दुसरं औषध कमी पडलं तर?"

नाबरांनी कप खाली ठेवला. "हेडक्लार्क, तुम्ही फार वाचता," ते म्हणाले.

३

आमच्या भागात काम कुठलंही असो, होडी पाण्यात लोटायची असो की मुलगी बघायला जायचं असो, आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. मोठा पेच असेल तर कौल लावतात. देवाच्या पाषाणावर ओली फुलं चिकटवायची, गुरवाने प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडचं फूल पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. दगड हलत नाही म्हणूनच त्याच्यावरचं फूल पडण्याला किंमत.

देवबागचा शंकर नावाचा मच्छीमार साध्या आंतर्गळाच्या, म्हणजे हर्नियाच्या, ऑपरेशनला आला, हे एवढ्यासाठी सांगतो की आजार अगदी किरकोळ होता. त्याच्याबरोबर दाजी गुरव आला. ऑपरेशनच्या खोलीच्या खिडकीच्या काचा पांढऱ्या रंगवलेल्या होत्या, पण उकाड्यामुळे वरची झडप उघडी असे. दाजी त्या झडपेखाली उभा राहिला आणि त्याने टोपी सारखी केली.

"बा देवा म्हाराजा! हो तुजो शंकर हय आडवो पडलो हा!"

"व्हय म्हाराजा!" नातेवाईक ओरडले.

"तेची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काम सुखरूप पार पडणार आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

आणि आतून बाबलीचा आवाज आला, "दिल्यान! उजवो दिल्यान!"

बाबलीने काय पाहिलं ते त्याने नंतर मला दाखवलं. शंकरचा उजवा हात फळीवर उताणा बांधलेला होता. त्याची तर्जनी वर उठली, थोडी थांबली आणि खाली गेली. बाबली लहानपणापासून देवळात कौल बघत आलेला. त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार?

मी नाबरांना म्हटलं, औषध कमी पडलं असेल.

"तसं नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "या औषधाने आधी पापण्या जातात, मग चेहरा, मग बोटं. मग हातपाय, पोट. श्वासाचा पडदा सर्वांत शेवटी. परत येताना उलट क्रम. पडदा आधी, बोटं मागून. त्याचा श्वास पूर्ण बंद होता, हेडक्लार्क. मग बोट कसं उठतं?"

४

पुढच्या बुधवारी अंगणात रोग्याचे नातेवाईक थोडे आणि परके जास्त होते. त्याच्या पुढच्या बुधवारी कुडाळहून लोक आले. रोगी कोण, त्याला काय झालंय, याची कोणाला पर्वा नव्हती. तो बिनश्वासाचा आडवा पडला आहे, एवढं पुरे होतं. दाजी झडपेखाली उभा राहून एकेकाचा प्रश्न वर पाठवी. मुलाला बोटीवर नोकरी लागेल काय? रत्नागिरीच्या कोर्टात आंब्याच्या झाडाचा निकाल आपल्या बाजूने लागेल काय? आत सर्जन टाके घालत असत, आणि बाबली एका हाताने पिशवी दाबत निकाल जाहीर करी.

उजवो. उजवो. उजवो.

कोणालाही डावा आला नाही. आंब्याच्या झाडाबद्दल दोन्ही पक्षांनी विचारलं होतं, दोघांनाही उजवा आला. आमच्या ग्रामदेवतेने माझ्या बापाला सरळ सात वेळा नाही म्हटलेलं मला माहीत आहे. जो कोणालाच नाही म्हणत नाही तो देव नसतो, निवडणुकीचा उमेदवार असतो. पण हा विचार करायला कोणाला सवड नव्हती.

नाबर खिडकी बंद करवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ती मुद्दाम उघडी ठेवली. बाहेरून प्रश्न आला तरच बोट उठतं, एरवी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मुंबईच्या एका नियतकालिकासाठी ते त्यावर निबंध लिहीत होते.

५

शंकर होडीवर परत जाण्यासाठी दाखला न्यायला आला. कार्यालयात मी एकटाच होतो. त्याने दाखला घेतला, पण तो गेला नाही.

"भाऊ, मी सगळा आयकत होतंय."

"काय ऐकत होतास?"

"दाजीचा गाऱ्हाणा आयकलंय. बाबलीचो खोकलो आयकलंय. सुरी आयकलंय."

मी लेखणी खाली ठेवली. "दुखत होतं?"

"ता नको इचारू."

"मग बोट उचललंस ते मदत मागायला?"

"मी खंय उचललंय!" तो एकदम ओरडला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी तेका धरून ठेवूक बगी होतंय. माज्यान होय ना."

"मग कोणी उचललं?"

शंकरने दाराकडे पाहिलं. "माज्या जाग्यार कोणतरी बसलो होतो, भाऊ. मी बगतंय तर जागो भरलेलो."

"बोललास त्याच्याशी?"

"तो नाय बोलाक. कोणी कायव इचारला, काय व्हय म्हणी. तितक्याच तेका येय."

तो गेल्यावर मी बराच वेळ स्वतःची समजूत घातली. झोपेचं औषध कमी पडलं असेल, आणि घाबरलेल्या माणसाला काहीही भासतं. खुर्चीचा दृष्टांत मी फक्त नाबरांना सांगितला होता, आणि नाबर काही देवबागच्या मच्छीमाराशी गप्पा मारायला जात नसत. पण तसं पाहिलं तर जागा अडवून बसलेला माणूस हा दृष्टांत आपल्या देशात कोणालाही सुचेल.

६

त्याच वर्षी सत्यवतीच्या पोटात गाठ निघाली. काढावी लागेल, म्हणून सर्जननी सांगितलं. थांबलो तर ती जाणार होती.

माझी बायको कार्यालयीन मराठी कधी बोलली नाही. मी घरात चुकून "सदर" किंवा "उपरोक्त" म्हटलं की ती म्हणे, "कागद हापिसात ठेवन येवा, मगे जेवक बसा." देवळात ती जाई, पण कौलाला उभी राहत नसे. बुधवारच्या गर्दीची बातमी तिला बाबलीच्या बायकोकडून कळलेली होती.

"देवाक कौल लावतत, तो दगड आसा म्हणान," ती म्हणाली. "माका कित्याक लावतले? मी काय दगड?"

"घटकाभर असशील."

"मगे आयकून ठेवा. माका कोणी कायव इचारल्यान, तर मी डावो देतलंय. बगूया मेल्यांची त्वांडा!"

ती हसली. मग भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "तुमी त्या खिडकीचा काय ता बगा," ती म्हणाली.

मी नाबरांना भेटलो. शंकरचं बोलणं सांगितलं आणि झडप बंद ठेवण्याची विनंती केली. ते हो म्हणाले. झोपेचं औषध आपण जास्त देऊ, असंही म्हणाले. बुधवारी सकाळी झडप बंद होती, हे मी स्वतः पाहिलं. दुपारपर्यंत उकाडा इतका झाला की सर्जननी ती उघडायला लावली.

७

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराला वाटीएवढी गोल काच होती. मी तिथे उभा होतो. मला सत्यवतीचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते फळ्यांवर बांधलेले तिचे दोन हात, हिरव्या बांगड्या काढल्यामुळे परक्या बाईचे वाटणारे.

बाहेर दाजीने प्रश्न सुरू केले. पहिल्या प्रश्नाला बोट उठलं नाही. दुसऱ्याला नाही. अंगणात कुजबूज झाली. गाठ निघाली, टाके पडले, सर्जन हात धुवायला गेले. नाबरांनी उताऱ्याचं इंजेक्शन भरून हातात घेतलं. तेव्हा दाजीने शेवटचं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, काम सिद्धीस गेला! आता हिका उठवूचा मां? उठवूचा आसात, तर उजवो दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सत्यवतीच्या डाव्या हाताची तर्जनी उठली.

"डावो," बाबली कसाबसा म्हणाला. दाजीने पुन्हा विचारलं. पुन्हा डावं बोट उठलं, या खेपेला ताठ, खाली न येता.

"डॉक्टरांनू, थांबा!" दाजी ओरडला. "डावो इलो! आता उठवू नकात!"

आणि मला ऐकू येईना. अंगण ओरडत होतं, ते ऐकू येत होतं, पण फुस् ऐकू येत नव्हतं. बाबली दोन्ही हात जोडून त्या बोटाकडे बघत उभा होता.

"पिशवी! गाढवा, पिशवी दाब!" नाबर किंचाळले.

फुस्.

खरं सांगतो, त्या गोंधळात मी दाराबाहेर उभा राहून हसत होतो. बाकी सगळ्यांना उजवा देणारा जो कोणी होता, तो हा नव्हे. ही माझी बायको होती. सांगितल्याप्रमाणे ती नाही म्हणत होती. ती आत जागी असेल, तिला दुखत असेल, हे मनात यायच्या आधी मला आनंद झाला.

नाबरांनी शास्त्राप्रमाणे केलं. बोटाकडे न बघता त्यांनी इंजेक्शन दिलं. आधी श्वास आला, मग पाय हलले, हात हलले. डावी तर्जनी तोवर ताठ होती. पापण्या उघडल्या तेव्हा ती हळूच खाली गेली.

सत्यवतीने नाबरांकडे पाहिलं.

"धन्यवाद," ती म्हणाली. "आता मला पुष्कळ बरं वाटत आहे."

८

जखम उत्तम भरली. ती हिंडूफिरू लागली, स्वयंपाक करू लागली. पान वाढलं की दारात येऊन म्हणे, "आपण जेवून घ्यावं." कढीत मीठ नेमकं असे. पूर्वी कधी नसे.

देवबागची नर्मदा आमच्याकडे वर्षानुवर्षं मासे घेऊन येते. भावावरून ती आणि सत्यवती अशा भांडत की शेजारी कामं टाकून ऐकत. आजारानंतर ती पहिल्यांदा आली तेव्हा सत्यवती पायरीवर आली आणि म्हणाली, "आज मासळी नको आहे. आपण उद्या यावं."

नर्मदेने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. टोपली उचलली. मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत तिने विचारलं, "भाऊ, सत्यवतीबाय घरात नाय काय?"

माझ्याकडे उत्तरं होती. बाबलीचा हात थांबला तेवढ्यात मेंदूला हवा कमी पडली असेल. बायकोने माझी मराठी इतकी वर्षं ऐकलेली, ती कुठेतरी साठून राहिली असेल. नाबरांनी या प्रकाराला एक लांबलचक नाव दिलं. नाव मिळालं की माणसाला जरा बरं वाटतं. मलाही वाटलं.

मग एका दुपारी ती ओटीवर तांदूळ निवडत होती. उजवा हात सुपात चालला होता, डावा मांडीवर निपचित. मी जवळ बसलो आणि कोणी ऐकत नाही असं बघून, तिच्या भाषेत विचारलं, "तूच मां गो?"

"हो, मीच," ती म्हणाली. खडा काढून बाजूला टाकला.

मांडीवरचं डावं बोट उठलं.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा सुपाकडे बघत होता. बोट तसंच उभं होतं आणि थरथरत होतं, जड दार आतून लोटणाऱ्या माणसाचा हात थरथरावा तसं. मी त्याला हात लावला. बाकीचा हात गार होता. बोट गरम होतं.

"तुमचा चहा ठेवू का?" सत्यवतीने विचारलं.

९

तेव्हा मी अर्ज केला. पुन्हा तेच औषध द्यावं. तोंड, डोळे, पाय सगळं गप्प होईल, आणि ते बोट तेवढं तिचं राहील, हे आपण पाहिलेलं आहे. मग तिला विचारावं, आता उठवू काय? ती उजवा देईपर्यंत उतारा देऊ नये. अट एवढी एकच.

नाबरांनी अर्ज वाचला आणि दार लावून घेतलं. त्यांचा निबंध छापून आला आहे. त्यात डाव्या बोटाचा उल्लेख नाही. ऑपरेशनच्या खोलीची झडप आता खिळे मारून बंद केलेली आहे आणि दाजी बुधवारी तिकडे फिरकत नाही.

"आणि तिने उजवा दिलाच नाही तर?" त्यांनी विचारलं. "बाबली किती वेळ पिशवी दाबणार?"

"मी दाबीन," मी म्हणालो.

त्यांनी सत्यवतीला आत बोलावलं. नियमाप्रमाणे रोग्याची संमती लागते, आणि तो नियमही मीच टंकलिखित केलेला आहे.

"वहिनी, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी अगदी बरी आहे, डॉक्टर. यांचा गैरसमज झाला आहे. अर्ज निकाली काढावा."

पदराखाली डावं बोट उठलं. नाबरांनी ते पाहिलं. मी त्यांना पाहताना पाहिलं. ते म्हणाले, "स्नायूंचं किरकोळ स्पंदन आहे, होतं असं," आणि लगेच त्यांनी आपले स्वतःचे हात टेबलाखाली घेतले.

त्यांनी अर्ज नामंजूर केला नाही. मंजूरही केला नाही.

परवा जेवण झाल्यावर ती समोर येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "आपण तो अर्ज मागे घ्यावा. लोक हसतात."

"मागे घेऊ?" मी विचारलं.

"हो," सत्यवती म्हणाली.

मी खाली तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

सबब, अर्ज मागे घेण्यात आलेला नाही. तो डॉ. नाबर यांच्या विचाराधीन आहे.